हॉर्न ड्रायव्हरचा असतो

ड्रायव्हरला कोणी काही विचारत न्हाई. किल्ली हातावर ठेवायची अन् निघ म्हणायचं, बस. वीस वर्षांत मला मालकानं एकदाच विचारलं, "प्रभू, तुला कोणती गाडी पाहिजे?" अन् तिथंच मी माती खाल्ली.

मालक म्हणजे हिंगोलीचे उत्तमराव. माणूस वाईट न्हाई, पण चहा पाजला तरी कप अर्धाच भरणारा. त्यांची दहाचाकी मी अकरा वर्षं चालवली. उघडी गाडी होती. मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती भरायची, वरून ताडपत्री ओढायची, रस्से आवळायचे अन् सांगलीचा रस्ता धरायचा. रस्से ओढून ओढून माझ्या कमरेचं पार भुस्कट झालं होतं. अंगाला हळदीचा वास असा बसला होता की ढाब्यावरचे लोक म्हणायचे, आला बघा नवरदेव.

यंदा पोळ्याच्या आधी उत्तमरावांनी ती गाडी विकायला काढली. मला हॉटेलात समोर बसवलं अन् म्हणले, "दोन गाड्या येऊन राहिल्या. एक कंटेनर. पुण्याहून माल घ्यायचा, आसामात टाकायचा. एसी केबिन, पगार जास्त. दार लावलं, सील ठोकलं, विषय संपला. ना रस्सा, ना ताडपत्री. दुसरा ट्रेला. हैदराबादचं लोखंड अकोल्याला टाकायचं. तू जुना माणूस, म्हणून तुला आधी विचारून राहिलो."

ट्रेला म्हणजे चाकं लावलेला नुसता लांब फळा. बाजूला भिंत न्हाई, वर छप्पर न्हाई. त्यावर सळ्या न्हाईतर पाइप ठेवायचे, साखळ्यांनी आवळायचे, अन् घडी घडी उतरून बघायचं ढिल्या झाल्या का. जोरात ब्रेक मारला अन् साखळी सुटली तर मागची सळई केबिन फोडून पुढं येते. आमच्यातला एक जण तसाच गेला. त्याचं नाव ढाब्यावर आजबी कोणी काढत न्हाई.

आता तुमी म्हणसाल, मंग ह्याच्यात विचार काय करायचा? कंटेनरच घ्यायचा. मला बी तसंच वाटलं. पण ट्रेल्याचा रस्ता माझ्या दारावरून जात होता.

आमची वस्ती आखाडा बाळापूर सोडून डोंगरकडा गावाकडं निघालं की लागते. सात-आठ घरं, मेंढरं-शेळ्या, थोडी थोडी जमीन. माझं घर रोडपासून हाकेवर. घरात माझी माय चंद्रभागाबाई अन् माझी लेक राजनंदिनी. तिसरं कोणी न्हाई. बायको, रूपा, तीन वर्षांमागं तापानं गेली. नांदेडच्या दवाखान्यात चार दिवस होती. तवा राजनंदिनी सात वर्षांची. ती रोज फोन करायची, अन् आमी रोज सांगायचो, आई येऊन राहिली, उद्या येते. चौथ्या दिवशी आई आली ती तशी आली. त्या दिवसापासून पोरगी फोनवर बोलत न्हाई. फोन कानाला लावते, नुसती उभी राहते, श्वास ऐकू येतो. मी इकडून बडबड करायची, जेवलीस का, शाळेत गेलतीस का. तिकडून काही न्हाई.

मंग मीच एक रस्ता काढला. माझ्या गाडीला तीन नळ्यांचा हॉर्न होता, मी माझ्या पैशानं बसवलेला. असा आवाज या रोडवर दुसऱ्या कोणत्याच गाडीला न्हाई. मी तिला म्हणलं, "बाई, फोनवर भरोसा नको ठेवू. हा हॉर्न वाजला की समज तुझा बाप आला. मी थांबणार म्हणजे थांबणार." अन् थांबत होतो बरं का. हळद घेऊन जाताना एकदा, रिकामं येताना एकदा. हॉर्न वाजला की पोरगी फडक्यात भाकर बांधून पळत यायची. माय करायची अन् ती आणायची. पाच मिनिटं पायरीवर बसायची, गाडीत काय हाये विचारायची, शेळीला पिल्लं झाली सांगायची. पाच मिनिटंच, पण त्याच्यावर माझे दहा-दहा दिवस निघायचे.

हे सगळं माहीत असून मी कंटेनर घेतला. खोटं काहून बोलू? कमर दुखत होती. सळईचं भ्या वाटत होतं. वाटलं, मी मेलो तर ह्या पोरीला कोण? जिता तर राहू. अन् पगार जास्त, दोन वर्षं काढू, मंग बघू. माय एवढंच म्हणली, "तुझा बाप बी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने जायचा. माझं गेलं तसं. तिचं बघ."

मी कुठं बघतो?

जुनी दहाचाकी आखाडा बाळापूरच्या खेमानं घेतली. खेमा माझा जुना दोस्त, तो बी ड्रायव्हर. आता त्याची स्वतःची गाडी झाली म्हणून पेढे घेऊन आला. गाडी सोडताना ड्रायव्हर आपलं सामान काढून घेतो. मी बी काढलं. खंडोबाचा फोटो, उशी, पाण्याचा जार, आरशाचे गोंडे. हॉर्न बी काढायचा असतो. आमच्यात रीतच हाये, गाडी मालकाची, हॉर्न ड्रायव्हरचा. पण मालकानं कंटेनर ज्या पुण्याच्या कंपनीला लावला होता तिनं सांगतलं होतं, बाहेरचं काही लावायचं न्हाई. मी म्हणलं, नेऊन काय करू? राहू दे खेमाला. पाना हातात होता, फक्त चार नट खोलायचे होते. न्हाई खोलले.

कंटेनरचं काय सांगू तुमाला. पहिले आठ दिवस मी राजासारखा बसलो. गार हवा, मऊ शीट, काच बंद. मंग हळूहळू कळलं की यात आपल्याशी कोणी बोलतच न्हाई. उघड्या गाडीला हमाल असतात, शिव्या देतात, तंबाखू मागतात. चहावाला विचारतो, काय भरलं? शेतकरी विचारतो, भाव काय निघाला? कंटेनरला कोण काय विचारणार? सील मारलेलं दार. आत साबण हाये का टीव्ही हाये, मलाच माहीत न्हाई. अठ्ठावीसशे किलोमीटर मी काय ओढून राहिलो ते मला माहीत न्हाई, सांगा.

अन् गाडी कुठं बी थांबवायची न्हाई. कंपनीनं ठरवलेल्या जागा सोडून दहा मिनिटं जास्त थांबलं की पुण्याहून फोन, "गाडी का थांबली?" मुतायला थांबलो म्हणायची बी लाज. समोर एक कॅमेरा, तोंडाकडं बघणारा. जांभई दिली की पीं पीं करायचा अन् बाई बोलायची, कृपया विश्रांती घ्या. मशीनची बाई. तुमाला हसू येईल, पण बिहारात एका दुपारी मी मुद्दाम जांभई दिली. दोन वेळा दिली. कोणीतरी बोलावं म्हणून.

घरी रोज फोन करायचो. मायशी दोन शब्द व्हायचे. मंग पोरीच्या हातात फोन, अन् तोच श्वास. मी म्हणायचो, "नंदे, इथं चहाचे मळे हायेत, डोंगरच्या डोंगर हिरवे." काही न्हाई. फोन ठेवला की केबिनमधी एसीचा तेवढा आवाज. रडू यायचं, पण कॅमेऱ्यासमोर रडायची चोरी.

सत्तेचाळीस दिवसांनी मला चार दिवस सुट्टी भेटली. पुण्याहून एसटीनं आलो अन् दुपारी तीनला फाट्यावर उतरलो. पिशवीत आसामची चहापत्ती होती अन् पोरीसाठी लाल स्वेटर. माय शेळ्या घेऊन गेली होती. राजनंदिनी शाळेतून येऊन अंगणात दप्तर टाकून बसली होती. मला बघून उठली. जवळ आली. अन् माझ्याकडं बघून पहिलं काय विचारलं असंल?

"पप्पा, भाकर भेटली का?"

मी म्हणलं, "कोणती भाकर?"

"माझी. कालची. अन् आधीच्या."

"काल तर मी बसमधी होतो बाई. कोणती भाकर अन् काय?" अन् मी हसलो बी. त्या हसण्याची मला आजबी लाज वाटते.

ती म्हणली, "खेमाकाकाजवळ दिली होती. ते म्हणले, तुमी खाल्ली. लई गोड होती म्हणले तुमी."

"खेमा? खेमा मला कुठं भेटून राहिला? मी आसामात, तो सांगलीला!"

पोरीचं तोंड मी बघितलं. असंच तोंड मी एकदा बघितलं होतं, नांदेडहून गाडी आली त्या दिवशी. ती आत गेली. दांडीवर एक धुतलेलं फडकं होतं, ते काढलं, घडी केली अन् पेटीत ठेवून दिलं. स्वेटरला हात बी न्हाई लावला.

दिवस मावळायच्या आधी माय शेळ्या घेऊन आली, तिनं सांगतलं सगळं. मी गेल्यावर आठ दिवसांतच रोडवर हॉर्न वाजला. माझाच हॉर्न. खेमा वळणावर वाजवायचा, सगळेच वाजवतात. पोरगी भाकर बांधून पळाली. गाडीत बघते तर खेमा. तरी भाकर त्याच्याजवळ देऊन, फडकं परत घेऊन आली. मंग दर खेपेला हॉर्न वाजला की चालली.

"अन् तू मला सांगतलं काहून न्हाई?" मी मायवर ओरडलो.

"मला वाटलं खेमा तुला फोनवर सांगत असंल! तुमी एका पेशातली माणसं. मला काय म्हाईत, तुमी एकमेकाला बोलत बी न्हाई." माय बी तापली. मंग हळू आवाजात म्हणली, "अन् भाकरी मी न्हाई करत होते. तिनं शिकून घेतल्या. हात भाजले दोन वेळा. म्हणली, पप्पाला माझ्या हातची जाऊ दे."

मी अंगणातच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना खिशात घालून मी बाळापूरला गेलो. डोकं असं फिरलेलं की खेमा दिसला तर दोन ठेवून द्याव्या. गाडी त्याच्या दारातच उभी होती. माझी गाडी. मी सरळ म्हणलं, "भाड्या, माझ्या लेकराला खोटं काहून बोललास?"

खेमानं शिवी ऐकून घेतली. म्हणला, "आधी केबिनमधी चल."

केबिनमधी मी अकरा वर्षं बसलो ती शीट. डॅशबोर्डवर कागदात गुंडाळलेली एक भाकर होती. कालच्या आदल्या दिवसाची. कडा कडक झालेल्या, मधी एक करपलेला डाग.

"पहिल्या दिवशी आली ना प्रभू," तो म्हणला, "मला बघून थबकली. मी म्हणलं, पप्पा न्हाई ग यात, पप्पा लांब गेला. तर म्हणली, मंग तुमी द्या त्यायला. सगळ्या गाड्या रोडवरच असतात ना, भेटतील तुमाला. आता तू सांग मला, ह्याच्यावर मी काय बोलायचं होतं? न्हाई भेटत म्हणू? मी घेतली. दुसऱ्या खेपेला विचारलं तिनं, पप्पा काय म्हणले? माझ्या तोंडातून निघून गेलं, गोड होती म्हणले. मंग ते वाढतच गेलं. तुला फोन करायला चार वेळा नंबर काढला. जीभ उचलली न्हाई."

"अन् भाकरी?"

"खाल्ल्या. अन्न फेकू का? पहिली तर नकाशासारखी होती, एकीकडं जाड, एकीकडं कच्ची. मंग मंग सुधरायला लागली. ही बघ, ही जवळपास गोल हाये."

माझी लेक भाकर करायला शिकली अन् ते खेमानं बघितलं. राग कुठं गेला कळलं न्हाई. मी ती शिळी भाकर घेतली अन् तिथंच बसून खाल्ली. दात दुखले. खेमा बाहेर बघत राहिला.

मंग तोच उठला. "काढ हॉर्न. चूक माझी हाये तशी तुझी बी हाये. हॉर्न ड्रायव्हरचा असतो, तुला म्हाईत होतं. सोडून गेलास कशाला?" आमी दोघांनी मिळून चार नट खोलले. गंजले होते, तेल टाकावं लागलं.

तिथून मी हिंगोलीला, उत्तमरावांच्या ऑफिसात. म्हणलं, "मालक, मला ट्रेला द्या."

उत्तमराव माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "येडा झाला का? तीन ड्रायव्हर ट्रेला सोडून गेले. लोक कंटेनरसाठी पाया पडून राहिले, अन् तू उतरतोस? कमर?"

"कमर माझी हाये."

"पगार कमी भेटंल."

"कमी घेईन."

"काहून, ते तर सांग."

मी सांगतलं न्हाई. कसं सांगू? भाकरीपायी म्हणलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं.

ट्रेल्यावर पहिल्यांदा सळ्या भरल्या. साखळी आवळली, परत आवळली, पट्टे टाकले, उतरून चढून चार वेळा बघितलं. केबिनमधी बसलो अन् पाठीमागं ते सगळं लोखंड माझ्या मानेकडं तोंड करून पडलेलं. तुमाला सांगतो, ती भीती जात न्हाई. आजबी गेली न्हाई. पण काच उघडी असते, वारा लागतो, अन् लोक विचारतात, काय हो, सळ्या कुठं चालल्या?

पहिल्या खेपेला वस्तीच्या वळणावर मी तिन्ही नळ्या वाजवल्या अन् गाडी बाजूला घेऊन थांबलो. पंधरा मिनिटं. घराचं दार दिसत होतं. पोरगी आली न्हाई. माय तेवढी अंगणात येऊन उभी राहिली अन् हातानंच न्हाई म्हणली.

अकोल्याहून येताना परत वाजवला. तेच. दुसऱ्या खेपेला पोरगी दारात आली, रोडकडं बघितलं अन् आत गेली. मी केबिनमधी बसून म्हणलं, बराबर हाये बाई तुझं. दोन वेळा फसवलं तुला, एकदा आईच्या नावानं, एकदा भाकरीच्या. माझ्यावर कोणी भरोसा ठेवावा अन् काहून? घरी जाऊन तिला ओढून आणता आलं असतं. न्हाई गेलो. सुट्टीचे ते उरलेले दोन दिवस घरात असताना बी ती माझ्याशी बोलली नव्हती, आता गाडी थांबवून गेलो तरी काय बोलणार होती?

तिसऱ्या खेपेला, दिवाळीच्या सुट्टीतला दिवस होता. हॉर्न वाजवला, उतरलो, साखळ्या बघायला लागलो. मागं चपलेचा आवाज आला. वळून बघतो तर राजनंदिनी. हात रिकामे. ती आधी माझ्याजवळ आली न्हाई. केबिनच्या पायरीवर चढली, आत डोकावली, खंडोबाचा फोटो बघितला, उशी बघितली. खाली उतरली. मंग सळ्यांकडं बघून म्हणली, "हे पडत न्हाई का?"

"पडू नये म्हणून तर बांधून राहिलो."

"तुमी रोज इकडून जाणार?"

"आठवड्यातून दोनदा. जाताना अन् येताना थांबणार. गाडी बिघडली तर न्हाई थांबता येणार, पण मंग आजीला फोन करून सांगीन, अन् खरं तेच सांगीन."

ती "थांबा" म्हणली अन् घराकडं गेली. पळत न्हाई, चालत. मी उभा राहिलो. चूल पेटायला, पीठ मळायला, भाकर भाजायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. मागून एका बसवाल्यानं शिव्या घातल्या, अकोल्याच्या गोदामवाल्याचे दोन फोन आले. मी न्हाई हललो.

आली. तेच फडकं, पेटीतलं. भाकर गरम होती अन् गोल होती, वरून जवसाची चटणी. मी ती केबिनमधी ठेवायला वळलो तर ती म्हणली, "न्हाई. इथंच खा. माझ्यादेखत."

रोडच्या कडंला, ट्रेल्याच्या चाकाला पाठ लावून मी भाकर खाल्ली. ती समोर उभी राहून बघत होती, एकेक घास. मध्येच कुठं बी नजर हलवली न्हाई तिनं. शेवटचा तुकडा संपला तवा तिनं विचारलं, "कशी होती?"

गोड होती, असं तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

"भाकर चांगली झाली," मी म्हणलं, "पण चटणीत मीठच न्हाई बाई. विसरलीस तू."

तिनं बोटानं फडक्यावरची चटणी चाटून बघितली. मंग माझ्याकडं बघितलं, मी कंटेनर घेतल्यापासून बघितलं नव्हतं तसं.

"म्हणजे ह्या वेळी खरंच खाल्ली तुमी," ती म्हणली.